उपाशी कुंड्या

माझा स्वभाव तापट आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही. या स्वभावापायी माझ्या हातून जे झालं ते सांगायचं आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकते. गारगोटीजवळच्या आमच्या गावात माझी ही ख्याती मी सातवीत असल्यापासून आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी पीएच.डी. करत होते. विषय होता लसूणघासाच्या मुळांवर येणाऱ्या गाठी. घरी कुणी विचारलं की मी नुसतं "घासावर" म्हणायचे. म्हशीपुढं टाकतात तोच घास. माझ्या चुलत्यांना हे कधीच पटलं नाही. "घास कापायला एवढं कॉलेज कशाला लागतंय गं?" असं ते दर सणाला विचारायचे आणि स्वतःच हसायचे.

भुईमूग, हरभरा, सोयाबीन, घास, यातलं कुठलंही रोप अलगद उपटून मुळं धुतली की त्यांवर बारीक गाठी दिसतात. वांग्याच्या मुळावर गाठी आल्या तर तो रोग असतो, त्यामुळे पुष्कळ शेतकरी याही गाठींना रोगच समजतात. पण या गाठींत जिवाणू राहतात. हवेतला नत्र ते रोपाला खाता येईल असा करून देतात आणि रोप त्यांना साखर पुरवतं. गंमत अशी, की गाठ बांधतं रोपच. जिवाणू मुळापाशी येऊन फक्त खूण पटवतो. मग मुळाच्या आत संप्रेरकांची ढकलाढकल सुरू होते. त्या जागी ऑक्सिन नावाच्या संप्रेरकाची वाट अडते, सायटोकायनिन या दुसऱ्याचा जोर वाढतो, निवांत बसलेल्या पेशी पुन्हा विभागायला लागतात आणि गाठ फुगते. माझ्या मार्गदर्शक मॅडमचा प्रश्न असा होता: जिवाणू आणलेच नाहीत आणि ऑक्सिनची वाट आपणच औषधानं अडवली, तर रोप फसेल का? पाहुणा नसताना खोली बांधेल का? परदेशात कुणी कुणी हे करून पाहिलं होतं. आपल्याकडच्या घासावर आम्हाला करून बघायचं होतं.

विभागाच्या मागं एक जाळीची शेड होती. तिथं माझ्या कुंड्यांच्या तीन रांगा. कुंड्यांत माती नाही, नदीची वाळू, तीही इतक्यांदा धुतलेली आणि वाफेवर तापवलेली की तिच्यात खाण्यासारखं काही उरू नये. पाण्यातून सगळे क्षार द्यायचे, फक्त नत्र द्यायचा नाही. पहिल्या रांगेला जिवाणू दिले होते. दुसरीला काहीच नाही. तिसरीला जिवाणू नाहीत, ऑक्सिन अडवणारं औषध द्यायचं. पहिली रांग हिरवी राहणार, बाकीच्या दोन नत्रावाचून पिवळ्या पडत जाणार. त्या उपाशी ठेवायच्याच होत्या. सगळा प्रयोगच त्यांच्या उपासावर उभा होता.

या कुंड्यांना पाणी घालायचं काम मामांचं. कॉलेजातल्या सगळ्या शिपायांना मामाच म्हणतात, पण आमच्या विभागाला एकच मामा होते. पन्नाशीच्या अलीकडचे, राहायला कसबा बावड्यात, घरी दोन म्हशी. अकरा वर्षं ते रोजंदारीवर होते. दर वर्षी कायम करायच्या लोकांची यादी निघायची आणि दर वर्षी त्यांचं नाव काही ना काही कारणानं मागं राहायचं. त्या वर्षी मात्र विभागप्रमुख सरांनी स्वतः सांगितलं होतं, की डिसेंबरात जाणाऱ्या यादीत तुमचं नाव घालतोय. मामांनी ते विभागातल्या प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवलं होतं. मला चारदा.

"ताई, एकदा कायम झालो म्हंजे मग काय. पोरीच्या सासरी सांगाय तरी येतंय, सरकारी हाय म्हणून."

"सरकारी नाही मामा, कॉलेजचे."

"त्यास्नी काय कळतंय?"

कुंड्यांबद्दल मी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की रोज सकाळी या कॅनमधलं पाणी या मापानं घालायचं. मापाच्या रेघेवर मी लाल शाईनं खूण केली होती आणि स्वतःवर फार खूश होते. रोपं पिवळी पडायला लागल्यावर मामा दोन-तीनदा मला म्हणाले, "ताई, ह्येंच्यात काय दम न्हाय ओ." मी म्हटलं, "असू दे, तशीच पाहिजेत." एवढ्यावर विषय संपला, असं मला वाटलं. मला म्हणजे कुणाला? जिच्या घरी दोन पिढ्या शेती होती, आणि शेतकऱ्यासमोर रोप पिवळं पडून चालत नाही हे जिला कळायला हवं होतं, तिला.

दिवाळीची सुट्टी लागली. जायच्या आदल्या दिवशी, पाडव्याला दोनच दिवस राहिले असताना, मी तिसऱ्या रांगेला औषध दिलं, मामांना पाण्याची आठवण केली आणि गारगोटीची एसटी धरली. भाऊबीज झाली, चुलत्यांची थट्टा ऐकून झाली आणि बारा दिवसांनी मी परत आले. पिशवी खोलीवर न टाकता थेट शेडवर गेले.

तिसरी रांग हिरवीगार होती.

मी तिथंच मटकन बसले. डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं नाही. जिवाणू नाहीत, नत्र नाही, आणि घास बावड्याच्या मळ्यातल्यासारखा तरारलेला! गाठीत राहायला जिवाणूच नसताना नत्र आणणार कोण, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या टेलिफोन बूथवर धावत गेले आणि सुट्टीसाठी माहेरी गेलेल्या मॅडमना फोन लावला. काय काय बोलले ते आता आठवलं तरी कान गरम होतात. जगात पहिल्यांदा, असंही काहीतरी म्हणाले असेन.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि दुसरी रांग?"

दुसरी रांग. जिला काहीच दिलं नव्हतं ती. ती मी पाहिली होती. तिला ओलांडूनच तर तिसरीपाशी गेले होते. तीही हिरवी होती. फोन कानाला तसाच धरून मी उभी राहिले, आणि बाहेर रांगेत थांबलेला माणूस काचेवर नाणं वाजवायला लागला.

मामा विभागाच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते. मी विचारलं, "मामा, कुंड्यांत काही घातलंत का?"

त्यांचा चेहरा खुलला. "घातलं की! बघितलंसा व्हय? कसं उठलंय बघा. युरिया घातला चिमूट-चिमूट. पाडव्यादिशी आलतो. म्हशी धुतल्या, शिंगं रंगवली, गळ्यात माळा घातल्या, गावातनं मिरवून आणल्या आन् मग हिकडं पाणी घालाय आलो. बघतोय तर ही आपली पिवळीजर्द, माना टाकून. पाडव्याला दारातलं जनावर बी प्वाटभर खातंय ताई. म्हटलं, सणाला ह्येनीच का उपाशी ऱ्हायाचं? हिरव्यांस्नी न्हाय घातला. त्यास्नी काय गरज न्हवती."

आमच्याकडं पाडव्याला म्हशींचं कौतुक असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. मोरपिसं, घुंगरं, रंगवलेली शिंगं, मालकाच्या मोटारसायकलमागं पळणारी म्हैस. त्या दिवशी गोठ्यात कुणी उपाशी नसतं. मामांनी माझी शेड गोठ्यातच धरली होती, एवढंच. हे मला आज कळतं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढं फक्त एक हंगाम पाण्यात गेलेला दिसत होता. मी ओरडले. सुट्टीमुळं व्हरांडा रिकामा होता, त्यामुळं आवाज आणखीच घुमला. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, तुम्हाला काय कळतं, असं बरंच. मामा मळलेली तंबाखू हातात घेऊन उभे राहिले. ती त्यांनी खाल्लीही नाही आणि टाकलीही नाही.

तेवढ्यानं माझं भागलं नाही. त्याच दुपारी फुलस्केपवर विभागप्रमुखांच्या नावानं अर्ज लिहिला. "सदर कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे" अशी ओळ मी त्यात घातली, आणि ती दोनदा वाचून मला समाधानही वाटलं. सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी अर्ज सरांच्या टेबलावर ठेवला.

मॅडम परत आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "फेकायच्या आधी प्रत्येक रोप उपटून मुळं बघ. चुकलेला प्रयोगसुद्धा काहीतरी सांगतो."

मी आणि मामा बादली घेऊन शेडमध्ये बसलो. चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. ते कुंडी हलकेच उलटी करायचे, वाळू झटकायचे, मुळं पाण्यात हलवायचे आणि रोप माझ्या हातात द्यायचे. पहिल्या रांगेच्या मुळांवर छान गुलाबी गाठी. दुसरीवर काही नाही. तिसरीवरही काही नाही. औषध देऊनसुद्धा नाही. एकामागून एक स्वच्छ, कोरी मुळं. मग मामा नळामागच्या कोपऱ्यातनं एक कुंडी घेऊन आले. तिसऱ्या रांगेतलीच, पण जागा नव्हती म्हणून मी ती तिकडं सरकवली होती. औषध आणि पाणी तिला मिळालं होतं. युरिया घालताना मात्र ती भिंतीच्या सावलीत राहून गेली असावी. रोप पिवळं, मरतुकडं. मुळं धुतली. बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी! सहा-सात तरी होत्या. ब्लेडनं एक कापली. आत पांढरी. कुणी राहायला न आलेली खोली.

"म्हंजे?" मामांनी विचारलं. चार दिवसांतला तो त्यांचा पहिला प्रश्न.

मग मी सांगितलं. मामा माझ्या कुंड्या बघायला लागल्याला आठ महिने झाले होते, त्यांत पहिल्यांदाच. पहिल्या रांगेतली गाठ कापून आतला गुलाबी रंग दाखवला. तो रंग आपल्या रक्तातल्या रंगाच्या नात्यातला आहे, हेही सांगितलं. "रगतच की ओ हे," म्हणत त्यांनी ती कापलेली गाठ तळहातावर घेतली आणि उजेडात धरली. रोप उपाशी असलं तरच मूळ गाठ बांधायच्या मागं लागतं, युरियातून आयता नत्र मिळाला की त्या संप्रेरकांच्या हाका मुळाच्या आतच दाबल्या जातात, म्हणून ही रोपं उपाशी ठेवली होती, असं सगळं सांगितलं.

मामांनी ती गाठ बोटानं जरा दाबून बघितली. मग म्हणाले, "म्हंजे प्वाट भरलं की ह्ये घर बांधत न्हाय?"

"नाही."

"मग माणसागत न्हाय. माणूस प्वाट भरल्याबिगर घर बांधाय घेत न्हाय." हातावरची वाळू झटकत म्हणाले, "ह्ये आधी सांगितलं असतासा, तर म्या कशाला हात लावला असता ताई?"

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर देता आलं असतं, तोंड काही कमी नव्हतं माझं. मी मान खाली घालून पुढची कुंडी उलटी केली.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या क्लार्कनं मला जिन्यात गाठलं. माझा अर्ज मामांच्या फाइलला लागला होता. यादी जायच्या आधी सर चौकशी करणार होते. "निष्काळजीपणा लिहिलंय म्हणजे अवघड आहे," तो म्हणाला. अर्ज परत मागायला मी सरांकडं गेले, तर ते म्हणाले, आवक रजिस्टरला नोंद झाली आहे, आता जे सांगायचं ते चौकशीत सांगा.

मी दुसरा अर्ज लिहिला. रोपं मुद्दाम उपाशी ठेवली आहेत हे मी मामांना कधीच सांगितलं नव्हतं, चूक माझी आहे. चार ओळींचा अर्ज. मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "खरं आहे ते लिहिलंस. पण एक लक्षात ठेव. तुझा वार्षिक अहवाल याच महिन्यात सरांच्या सहीला जातोय. सूचना न देता प्रयोग दुसऱ्याच्या हवाली केला, हे त्यांना चालणार नाही. तू ठरव."

मी ठरवलं. निदान तसं मला वाटत होतं. अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला.

चौकशी म्हणजे सरांच्या खोलीत मी आणि मामा उभे, आणि सर खुर्चीत. सर वाईट नव्हते, नियमाचे होते. माझा पहिला अर्ज समोर ठेवून त्यांनी मामांना विचारलं, "खत घालायचं नाही, हे यांनी तुम्हाला सांगितलं होतं का?"

प्रश्न मामांना असला तरी बोलायचं मी होतं. पर्सची चेन माझ्या हाताला लागत होती. वार्षिक अहवाल, सही, गावाकडं परत, चुलत्यांचं हसणं, सगळं एकदम डोक्यात आलं. मी तोंड उघडलंसुद्धा असेल. शब्द मात्र निघाला नाही.

"सांगितलं हुतं सायेब," मामा म्हणाले. "मीच इसरलो."

सरांनी ते लिहून घेतलं. मामांनी सही केली. चार ओळींचा कागद तसाच घडीत राहिला.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. मला रडू येत होतं आणि रागही, आणि तो राग नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं. "मामा, खोटं का बोललात? मी सांगितलं नव्हतं तुम्हाला!"

ते माझ्याकडं बघून ओशाळल्यासारखं हसले. "तुमचं त्वांड पिवळं पडलं हुतं ओ ताई. मला काय बघवंना."

डिसेंबरात यादी गेली. मामांचं नाव त्यात नव्हतं. माझ्या अहवालावर सही झाली. मामा पहिल्यासारखेच सकाळी यायचे, कॅनमधलं पाणी मापानं घालायचे, आणि आता कुंड्यांजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगायचे, "हात लावू नगासा पावणं. ह्यो मुद्दाम ठेवलाय उपाशी." घरी पाहुणा आला तर त्याला भुईमुगाचं रोप उपटून गाठ फोडून दाखवायचे, असं त्यांच्या मुलीनं मला एकदा सांगितलं. मी त्यांच्याशी फार चांगलं वागायला लागले होते, आणि त्यानं मला जास्तच लाज वाटायची.

पुढच्या हंगामात मी चौथी रांग वाढवली. औषधही द्यायचं आणि युरियाही. किती द्यायचा आणि कधी, हे मी पुस्तकात बघितलं नाही. मामांना चिमूट घ्यायला लावली, ती काट्यावर तोलली आणि तेवढाच युरिया, औषध दिल्याच्या तिसऱ्या दिवशी, दर कुंडीत घातला. तिसऱ्या रांगेत रिकाम्या गाठी आल्या, चौथीत आल्या नाहीत. दोन हंगाम हेच दिसलं. प्रबंधातलं सगळ्यांत भक्कम प्रकरण तेच झालं.

मौखिक परीक्षा झाली तेव्हा नवं शतक लागून वर्ष होऊन गेलं होतं. बाहेरगावचे परीक्षक, मॅडम, विभागप्रमुख सर, मागं विद्यार्थी. मामा चहाचा ट्रे घेऊन दारात थांबले होते. अजून रोजंदारीवरच.

परीक्षकांनी ते प्रकरण उघडलं. "प्रकरण चांगलं आहे," ते म्हणाले. "पण मला एक सांगा. नत्र देण्यासाठी नेमका तिसराच दिवस का निवडला? आणि मात्रा इतकी विचित्र का? याला आधार काय?"

उत्तर मी तयार ठेवलं होतं. प्राथमिक निरीक्षणांवरून, असं म्हणायचं होतं. मॅडमनी दोनदा घोकून घेतलं होतं.

मी सरांकडं बघितलं. ते प्रबंधात बघत होते.

"हे मी निवडलं नाही, सर," मी म्हणाले. "युरिया आमच्या मामांनी दिला होता. रोपं उपाशी बघवली नाहीत म्हणून. मुद्दाम उपाशी ठेवली आहेत हे मी त्यांना सांगितलेलंच नव्हतं, आणि चौकशीत मी गप्प बसले. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. तेव्हापासून ते कायम व्हायचे राहिलेत."

मागचे विद्यार्थी दारातल्या मामांकडं वळून बघायला लागले. सरांनी प्रबंध मिटला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. परीक्षकांनीही दाराकडं वळून विचारलं, "हे खरं आहे का? पण तिसराच दिवस का?"

"सण हुता, सायेब," मामा म्हणाले.

परीक्षक मोठ्यानं हसले. सर हसले नाहीत. ते उठले, दारापर्यंत गेले, मामांच्या हातातला ट्रे घेऊन टेबलावर ठेवला आणि "आत या" म्हणाले.

मला पदवी मिळाली. पुढच्या यादीत मामांचं नाव गेलं, आणि त्यांना कायमचे म्हणून जेमतेम सात-आठ वर्षं मिळाली. ती तीन वर्षांनी जास्त असायला हवी होती. पर्समधली ती चार ओळींची घडी अजून माझ्याकडं आहे. त्यात जे लिहिलंय ते मोठ्यानं सांगायला परीक्षेच्या दिवशी मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.